पट्ट्याचा ताण

1 ऑगस्ट 2024 च्या दुपारी, फ्रान्समधील शातोरू येथील रेंजवर पॅरिस ऑलिंपिकची 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्सची अंतिम फेरी चालू असताना, निम्मे कोल्हापूर दूरचित्रवाणीसमोर बसलेले होते. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने 451.4 गुणांसह कांस्यपदक मिळवले आणि त्यानंतर आपल्याकडे जे व्हायचे ते सगळे झाले. त्या गदारोळात एक गोष्ट थोड्यांच्याच ध्यानात आली. गुडघ्यावर बसून आणि पालथे पडून नेम धरताना नेमबाजांच्या दंडाला एक पट्टा आवळलेला होता आणि त्याचे दुसरे टोक रायफलच्या पुढच्या भागात अडकवलेले होते. उभ्याने नेम धरण्याची वेळ आली तेव्हा तो पट्टा निघालेला होता. ज्यांनी तो पाहिला, ती ओळखीची माणसे पुढे बरेच दिवस मला विचारत होती, की तो पट्टा रायफल हातातून पडू नये म्हणून असतो का.

मी व्यवसायाने नेमबाज नाही. क्लबच्या रायफलवर पालथे पडून नेम धरण्याचा छंद मला आहे आणि तो बऱ्यापैकी जुना आहे. त्या छंदातून ज्या थोड्या गोष्टींविषयी माझे ठाम मत बनले आहे, त्यांत पट्टा पहिल्या क्रमांकावर येतो. दुकानात रायफलच्या दुर्बिणीवर तासभर बोलणारी माणसे पट्टा मात्र ‘तो कसला तरी द्या’ म्हणून मागतात, हे मी पाहिलेले आहे. वास्तविक पट्ट्याकडून आपण परस्परांशी भांडणारी दोन कामे करून घेत असतो. वाहून नेताना तो सैल हवा असतो, कारण माणसाला चालायचे, वाकायचे, चढायचे असते. धरून ठेवताना तो ताठ हवा असतो, कारण नळीने जागा सोडता कामा नये. औत हाकणाऱ्याच्या हातातला कासरा जसा कधी सोडावा आणि कधी आवळावा लागतो, तसेच हे आहे. पट्ट्याची निवड म्हणजे शेवटी या दोन अवस्थांपैकी आपल्याला कोणती अधिक लागते आणि एकीतून दुसरीत किती चटकन जायचे आहे, याचा निर्णय असतो.

खेळातल्या पट्ट्याने हा प्रश्न एक काम सरळ टाकून देऊन सोडवलेला आहे. त्याला वाहून नेणे ठाऊकच नाही. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे त्याची रुंदी जास्तीत जास्त 40 मिलिमीटर असू शकते, उजव्या हाताच्या नेमबाजाला तो फक्त डाव्या दंडावर चढवता येतो, तेथून तो रायफलच्या पुढच्या लाकडाला जोडला जातो आणि जोडाच्या जागेखेरीज रायफलचा कोणताही भाग पट्ट्याला टेकता कामा नये. पालथ्या स्थितीत रायफल पेलणाऱ्या हाताचा जमिनीशी होणारा कोन 30 अंशांपेक्षा कमी असून चालत नाही. उभ्या स्थितीत पट्टा वर्ज्य आहे. या सगळ्याचा हेतू एकच, की पट्ट्याची मदत घ्यावी, पण तिला मर्यादा असावी.

ती मदत कशी होते, हे एकदा पालथे पडून अनुभवल्याशिवाय पटत नाही. डावे कोपर चटईवर रोवलेले असते, तळहात रायफलखाली हँडस्टॉपला, म्हणजे हात पुढे सरकू नये म्हणून बसवलेल्या अडणीला, टेकलेला असतो आणि पट्टा दंडापासून त्याच हँडस्टॉपपर्यंत ताणलेला असतो. कोपर, मनगट आणि दंड असा एक बंद त्रिकोण तयार होतो. रायफलचे वजन स्नायूंवर न पडता हाडांवर आणि त्या ताणलेल्या पट्ट्यावर जाते आणि मग बोटे अगदी ढिली सोडली तरी नळी आपल्या जागी राहते. ती तशी राहिली नाही, तर पट्टा चुकीच्या भोकात आहे असे समजावे. नवशिक्यांना मी डोळे मिटायला, दोनदा श्वास घ्यायला आणि पुन्हा डोळे उघडून पाहायला सांगतो. नेम बाजूला सरकलेला दिसला, तर हाताने रायफल ढकलून तो जुळवायचा नाही. कोपर तेथेच ठेवून कमरेखालचे अंग हळूच फिरवायचे. 50 मीटरवरच्या त्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे शर्टाच्या लहान गुंडीएवढे, आणि तेथे ढकलून जुळवलेला नेम चाप ओढताना हमखास आपल्या मूळ जागी परततो.

दुसरी गंमत नाडीची. दंडाच्या आतल्या बाजूने मोठी धमनी जाते. पट्टा तिच्यावर आवळला, की हृदयाचा प्रत्येक ठोका पट्ट्यातून रायफलपर्यंत पोहोचतो आणि ज्यातून नेम धरतो ती कडी ठोक्याठोक्याला उसळताना दिसते. मग मंडळी पट्टा आणखी आवळतात आणि उसळी आणखी वाढते. उपाय साधा असतो. पट्टा दंडावर थोडा वर किंवा खाली सरकवायचा आणि त्याचा जोड दंडाच्या बाहेरच्या बाजूला घ्यायचा. तो सरकू नये म्हणून नेमबाजीच्या जाकिटावर एक आकडा किंवा फासा असतो. हाताला थोड्या मुंग्या येणे चालण्यासारखे आहे. बोटे बधिर होऊन निळसर दिसू लागली, तर उठून पट्टा सोडावा. प्रत्येकाच्या दंडाचा घेर, बाह्यांची लांबी आणि जाकिटाची जाडी वेगळी असल्यामुळे दुसऱ्याने सांगितलेल्या भोकाचा आकडा उपयोगाचा नसतो. म्हणून जाणकार नेमबाज वहीत भोकाचा आकडा आणि हँडस्टॉपची जागा लिहून ठेवतात. 2010 साली म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये 600 पैकी 597 गुण घेऊन विश्वविजेती झालेली आपली तेजस्विनी सावंत याच पालथ्या स्थितीतली. कोल्हापूरच्या मुलांना या प्रकाराची ओढ लागली, त्यात तिचा वाटा मोठा आहे.

इतके सगळे सांगून झाल्यावर माझ्या भाच्याने विचारलेला प्रश्न मात्र या ज्ञानाच्या पूर्णपणे बाहेरचा होता. तो केंद्रीय दलात आहे आणि सुट्टीवर गावी आलेला होता. ‘मामा, पट्टा बदलायचा हाय,’ तो म्हणाला. ‘पोरं म्हणत्यात एका टोकाचा लई भारी. तुम्ही सांगा, कंचा घ्यावा?’ माझा पट्टा दिवसातून तासभर दंडाला आवळलेला असतो. त्याचा पट्टा आठ-आठ तास गळ्यात असतो, त्याखाली जाड जाकीट असते, मध्येच गाडीत चढायचे असते, कोणाची झडती घ्यायची असते, आणि या सगळ्यात रायफल अंगावरच राहिली पाहिजे. ज्याला आता सगळेच ‘टॅक्टिकल स्लिंग’ म्हणतात, तो याच गरजेतून आलेला आहे. खेळाच्या पट्ट्याने जे काम टाकून दिले, ते येथे मुख्य असते.

एका टोकाचा पट्टा रायफलला फक्त मागच्या बाजूला, दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकवायच्या भागाच्या, तोंडाशी जोडलेला असतो. कार्बाइन, म्हणजे आखूड नळीची रायफल, घेऊन वाहनात बसणाऱ्याला तो खरोखर सोयीचा आहे, कारण खांदा बदलताना काहीही आड येत नाही. परंतु दोन्ही हात सोडले, की रायफल मांड्यांच्या मध्ये लोंबते, चालताना गुडघ्यांवर आपटते, आणि माणूस वाकला की नळीचे तोंड थेट मातीत जाते. धावताना ती कोठे आपटते, हे भाच्याने आपल्या शब्दांत सांगितले, ते येथे लिहिण्यासारखे नाही. तीन टोकांच्या पट्ट्याची मध्यंतरी चलती होती. त्याची एक वादी रायफलच्या अंगालगत पुढून मागे जाते आणि नेमकी खटक्यांवर व कळांवर येते. त्याविषयी मला अधिक काही म्हणायचे नाही.

राहिला दोन टोकांचा. यातही दोन पिढ्या आहेत. जुन्यात लांबी एकदा बक्कल लावून ठरवली, की दिवसभर तीच. ती सैल ठेवावी तर रायफल झुलते आणि आवळावी तर खांद्याला लावता येत नाही. नव्या पिढीत पट्ट्याच्या पुढच्या भागात एक सरकते बक्कल आणि ओढण्याची जीभ असते. ती एका दिशेला ओढली, की पट्टा मोकळा होतो आणि दुसऱ्या दिशेला ओढली, की रायफल छातीला चिकटते. मी सुरुवातीला ज्या दोन भांडखोर कामांचा उल्लेख केला, त्यांच्यात एका हाताने समेट घडवणारी ही युक्ती आहे, आणि माझ्या मते पट्टा विकत घेताना पाहायची पहिली गोष्ट हीच. ब्ल्यू फोर्स गिअर या अमेरिकन कंपनीच्या व्हिकर्स पट्ट्याने हा प्रकार लोकप्रिय केला. आज तो अनेक कंपन्या बनवतात आणि आपल्याकडे त्याच्या स्वस्त नकलाही भरपूर मिळतात. नक्कल ओळखण्याची सोपी खूण म्हणजे ते सरकते बक्कल. पट्टा मोकळा करून, कडीला चार किलोंचे ओझे टांगून, तो हाताने झटकावा. बक्कल आपसूक सरकू लागले, तर तो पट्टा परत करावा.

सरकारी रायफल घरी आणता येत नाही आणि आणूही नये, म्हणून आम्ही शेतावर पडलेला पीव्हीसी पाइपचा एक तुकडा घेतला, त्यात वाळू भरली, दोन्ही तोंडांना टोपणे ठोकली आणि एका कुशीला, पुढे व मागे, हुकांचे स्क्रू पिळले. त्याच्या रायफलच्या वजनाच्या आसपास ते प्रकरण गेले. अंगणात भाचा ते गळ्यात अडकवून उठबशा काढू लागला, तेव्हा माझ्या बहिणीने ‘तुम्हा दोघांना काय काम न्हाई का’ असे विचारले, ते रास्तच होते. पण त्या पाइपने आम्हाला दुकानदारापेक्षा जास्त शिकवले. पुढचा हुक अगदी तोंडाशी नेला, तेव्हा पाइप आवळल्यावर अंगाशी घट्ट बसत होता, पण खांदा बदलताना पट्टा मानेत रुतत होता. तो हुक मध्याच्या जवळ आणला, तेव्हा खांदा सहज बदलता येत होता, पण हात सोडताच पाइपचे तोंड डुलू लागले. शेवटी पुढचा हात जेथे धरतो, त्याच्या थोडा पुढे आम्ही तो ठेवला. उजव्या हाताने चालवणाऱ्याने जोड डाव्या कुशीला घ्यावेत, म्हणजे रायफल छातीवर सपाट पडते आणि मॅगझिन, म्हणजे खालची गोळ्यांची पेटी, पोटात घुसत नाही.

लांबी ठरवताना त्याला मी पूर्ण पोशाख चढवायला लावला, म्हणजे घरात जे होते ते: जाड स्वेटर, त्यावर रेनकोट आणि वर पाठीची पिशवी. पट्टा पूर्ण मोकळा केल्यावर दस्ता दोन्ही खांद्यांना लागला पाहिजे आणि गळ्यावर ओढ बसता कामा नये. पूर्ण आवळल्यावर दोन्ही हात सोडून खाली वाकले, तरी नळी छातीपासून फार लांब जाता कामा नये. या दोन टोकांच्या मधली सगळी लांबी जिभेने एका ओढीत मिळाली पाहिजे. केवळ बनियनवर पट्टा बसवून पाहणाऱ्याची डिसेंबरमध्ये पंचाईत होते.

रुंदीच्या बाबतीत माझे मत मध्यममार्गी आहे. 25 मिलिमीटरचा पट्टा मानेला काचतो. 32 मिलिमीटरचा, म्हणजे जुन्या सव्वा इंचाचा, बहुतेकांना पुरतो, ब्रिटिश काळातल्या .303 रायफलचा सुती पट्टा आणि अमेरिकन लष्कराचा 1907 सालचा चामडी पट्टा दोन्ही याच रुंदीचे होते, हा काही योगायोग नसावा. खांद्यावर गादी असलेला पट्टा दीर्घ बंदोबस्तात सुखाचा असतो, पण ती गादी जाकिटाच्या कॉलरमध्ये किंवा पिशवीच्या पट्ट्यात अडकली, की सगळी चपळाई संपते. रबरासारखा ताणणारा पट्टा मी कोणालाही सुचवणार नाही. चालताना तो वजन हलके भासवतो हे खरे. मात्र प्रत्येक पावलाला रायफल वरखाली नाचवतो आणि नेम धरताना टेकू म्हणून त्याचा काडीचा उपयोग नसतो. भाचा या बाबतीत माझ्याशी सहमत नाही. त्याच्या तुकडीत असा पट्टा आवडीने वापरणारे आहेत म्हणे. असतील.

जोडणीविषयी थोडेसेच. बटण दाबून निघणारी कडी जलद असते, पण ती रायफलवरच्या भोकात बसल्याचा ‘टक’ असा आवाज आला, तरी एक हिसका देऊन पाहावे. भोकात माती साचली, की कडीला धरून ठेवणाऱ्या बारीक धातूच्या गोळ्या पुरत्या बाहेर येत नाहीत आणि कडी बसल्यासारखी भासते. लोखंडी आकडा भक्कम असतो, पण तो वाजतो आणि रंग खरवडतो. एक प्रश्न भाच्यानेच काढला आणि तो महत्त्वाचा होता: गर्दीत कोणी रायफलला हात घातला तर? काश्मीरमध्ये जवानांची शस्त्रे हिसकावण्याचे प्रकार घडलेले आहेत, आणि त्यावर उपाय म्हणून रायफल साखळीने कमरेला जखडण्याची पद्धतही पाहण्यात येते. गळ्यातून आडवा घातलेला, आवळलेला दोन टोकांचा पट्टा या बाबतीत एका खांद्यावर टांगलेल्या रायफलपेक्षा कितीतरी सुरक्षित असतो. त्याची दुसरी बाजूही आहे. झटापटीत तोच पट्टा गळफास ठरू शकतो, म्हणून त्यातून एका हाताने डोके काढून बाहेर पडण्याचा सराव रिकाम्या शस्त्रावर करून ठेवावा लागतो.

चामड्याचा मोह कोल्हापूरच्या माणसाला सुटत नाही. क्लबच्या एका जुन्या रायफलसाठी मी पट्टा येथल्याच चप्पल गल्लीत शिवून घेतला होता. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले म्हशीचे कातडे. कारागिराने त्याची वादी बोटांत घेऊन दुमडली, सुरकुती कशी पडते ते पाहिले आणि बाजूला टाकून दिली. ‘ही पोटाकडची हाय, ताणंल,’ एवढेच बोलून त्याने पाठीकडचा तुकडा काढला. पोटाकडचे कातडे ताणते आणि पाठीचे घट्ट राहते, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. त्याच्या बोटांना ते ठाऊक होते. भोके पाडण्यापूर्वी त्याने मला तो तुकडा वजन टांगून ठेवायला सांगितला, म्हणजे जे काय ताणायचे ते आधीच ताणून घेईल. खेळाच्या कामासाठी असा पट्टा अजूनही उत्तम, कारण एकदा ताण घेऊन झाला, की भोकाचा आकडा बदलत नाही आणि चामडे जाकिटावरून घसरत नाही.

पण आपला पाऊस त्याचा वैरी. गगनबावड्याकडच्या चार महिन्यांत चामड्याला बुरशी येते, शिवण कुजते आणि भिजलेला पट्टा चुलीजवळ वाळवला, तर तो वाळून कडक होतो व भोकापाशी चिरतो. सावलीत वाळवून वरून हलका तेलाचा हात द्यावा. तेल मुरेपर्यंत चोपडू नये, त्याने चामडे मऊ पडून पुन्हा ताणते. सुती पट्टा भिजला की आटतो आणि लवकर वाळत नाही. नायलॉन कुजत नाही म्हणून सगळ्या दलांनी ते स्वीकारले, तरी तेही पाणी शोषून थोडे लांबते आणि वर्षानुवर्षांच्या उन्हाने आतून कमजोर होते. रंग उडालेला, हाताला खरखरीत लागणारा नायलॉनचा पट्टा दिसायला धड असला, तरी भरवशाचा नसतो.

चंदगड, आजरा, भुदरगड भागात पिकाच्या राखणीसाठी परवान्याची बारा बोअर बंदूक बाळगणारे शेतकरी आहेत, त्यांच्याकडे पट्टा म्हणून मी काय काय पाहिले आहे: शाळेच्या दप्तराचा बंद, सायकलची ट्यूब, एकदा तर गाईचे दावे. त्यांना टॅक्टिकल काहीही नको. साधा, दोन टोकांचा, कडीला पक्का शिवलेला पट्टा पुरतो. त्यांनी एकच गोष्ट पाळावी. घाणेरीच्या झुडपातून किंवा कुंपणावरून जाताना बंदुकीतली काडतुसे आधी काढून घ्यावीत, कारण फांदीत अडकलेला पट्टा आपण ओढतो तेव्हा बंदूक पट्ट्याच्या दिशेने, म्हणजे आपल्याच दिशेने येते.

खांद्यावर टांगलेल्या रायफलची नळी वर ठेवावी की खाली, यावर आमचा वाद झाला. जुन्या कवायतीत वाढलेल्या माणसांना ती वर हवी असते, आणि पावसात पाणी नळीत जाते हे सांगितले तरी त्यांना पटत नाही. माझे म्हणणे असे, की छतावर लोक असतील अशा ठिकाणी ती खाली असावी आणि हेलिकॉप्टरमध्ये किंवा खाली माणसे असलेल्या जागी तुकडीचा जो नियम असेल तो पाळावा. आवळलेल्या पट्ट्यात नळी ठरावीक कोनातच राहते, तिथे हाताने आठवण ठेवण्याची गरज कमी उरते. सैल पट्ट्यात मात्र माणूस वळला, की नळी शेजाऱ्याच्या अंगावरून फिरते. भाचा म्हणाला, ‘आमच्यात त्यावरनंच शिव्या पडत्यात.’ पडायलाच हव्यात.

त्याने शेवटी वरिष्ठांची परवानगी घेऊन साधा, 32 मिलिमीटरचा, गादी नसलेला, सरकत्या बक्कलचा पट्टा घेतला. परवा त्याचा फोन आला, की पट्टा उत्तम बसला आहे, पण बक्कलमागे जी जास्तीची शेपटी उरते ती फडफडते, तर ती कापून टोक जाळून टाकू का. मी त्याला कापू दिले नाही. ती घडी घालून रबरी कडीत खोचावी, आणि आताच्या लांबीवर रंगीत दोऱ्याचे दोन टाके घालून खूण करावी. थंडीत जाकिटावरून पट्टा घालायची वेळ येईल, तेव्हा तीच चार बोटे लांबी त्याला लागणार आहे.